मोठ्या कॅलिबरच्या काडतुसांची तुलना कशी करावी : रिव्हॉल्व्हर आणि रायफल, नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जगातील सर्वांत शक्तिशाली काडतूस कोणते, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेल्या माणसाला पहिल्या तासाभरातच चार वेगवेगळी उत्तरे मिळतात. कोणी .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नमचे नाव घेतो, कोणी .४६० वेदरबीचे, कोणी .७०० नायट्रो एक्स्प्रेसचे, तर कोणी .५० ब्राउनिंग मशीनगनच्या काडतुसाचे. ही चारही उत्तरे देणारे लोक बहुधा खरेच बोलत असतात. प्रत्येकाने मोजपट्टी वेगळी धरलेली असते आणि ती कोणती, हे सांगितलेले नसते. मी स्वतः हा विषय शिकलो तेव्हा मराठीत त्याविषयी सलग असे काही हाती लागले नाही. म्हणून अमेरिकेत राहून नेमबाजीकडे वळलेले, शिकारकथा आणि युद्धेतिहास वाचणारे, आणि आकड्यांच्या कोष्टकासमोर गोंधळून थांबलेले जे मराठी वाचक आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहीत आहे. काडतुसे घरी भरण्याची कृती येथे नाही. ते काम उत्पादकाने प्रसिद्ध केलेली पुस्तिका समोर ठेवून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचे असते.

## तुलनेला बसण्याआधी हाताशी काय हवे

- अमेरिकेतील सामी या संस्थेची मानके. ही उत्पादकांची संघटना १९२६ मध्ये स्थापन झाली. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या काडतुसांसाठी आणि रायफलीच्या काडतुसांसाठी तिची स्वतंत्र मानके आहेत.
- युरोपातील सीआयपी या संस्थेची कोष्टके. मोठी ब्रिटिश काडतुसे येथे अधिक नीट सापडतात.
- ज्या काडतुसाविषयी बोलायचे आहे, त्याच्या एका ठरावीक उत्पादनाचे उत्पादकाने दिलेले कोष्टक. त्यात गोळीचे वजन, वेग आणि चाचणीच्या नळीची लांबी या तिन्ही गोष्टी असाव्यात. तिसरी गोष्ट दिलेली नसेल, तर ते कोष्टक बाजूला ठेवावे.
- साधा गणकयंत्र आणि वही.

## १. काडतुसाचे भाग आणि तळावरचे शिक्के ओळखा

काडतूस म्हणजे पितळी केस, तिच्या तळाशी बसवलेला, ठोका बसताच दारू पेटवणारा प्रायमर, आतील दारू आणि पुढे बसवलेली गोळी असा पूर्ण संच. नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी. बातम्यांमध्ये ‘गोळ्यांच्या पुंगळ्या’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती रिकामी झालेली केस असते.

केसच्या तळावर उत्पादकाची खूण आणि बहुधा काडतुसाचे नाव किंवा उत्पादनाचे वर्ष कोरलेले असते. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याचा ‘ओएफव्ही’ हे शिक्के अशाच प्रकारचे आहेत. तळाची घडणही पाहावी. रिव्हॉल्व्हरच्या आणि दुनळी रायफलीच्या काडतुसांना बाहेर आलेली कडा असते, कारण केस बाहेर ओढण्यासाठी तिथे पकड हवी असते. बोल्ट ओढून चालवायच्या रायफलींची बहुतेक काडतुसे कडेविना किंवा तळाशी पट्टा असलेली असतात. या खुणा वाचता आल्या, की पुढच्या पायरीतील निम्मे घोटाळे टळतात.

## २. नावातील आकडा हे माप मानू नका

नवखा माणूस सर्वाधिक फसतो तो येथे, म्हणून या पायरीवर जरा थांबावे. काडतुसाच्या नावातील आकडा इंचाच्या भागात लिहिलेला असतो, पण तो गोळीचा खरा व्यास असेलच असे नाही. .४४ मॅग्नमची गोळी .४२९ इंचाची असते. .४५४ कॅसुलची .४५२ इंचाची, .४८० रुगरची .४७५ इंचाची, .४०४ जेफ्रीची .४२३ इंचाची आणि .५७७ नायट्रो एक्स्प्रेसची .५८५ इंचाची. .५०० स्मिथ अँड वेसनची गोळी मात्र खरोखरच .५०० इंचाची आहे, तर .५०० लाइनबॉ या दुसऱ्या रिव्हॉल्व्हर काडतुसाची .५१० इंचाची.

‘४६०’ या एकाच आकड्याची दोन काडतुसे घ्या. .४६० स्मिथ अँड वेसन मॅग्नम हे २००५ मधील रिव्हॉल्व्हरचे काडतूस असून त्याची गोळी .४५२ इंचाची आहे. .४६० वेदरबी मॅग्नम हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉय वेदरबी यांनी आणलेले रायफलीचे काडतूस असून त्याची गोळी .४५८ इंचाची आहे. व्यासात जेमतेम फरक असूनही दुसऱ्याची ऊर्जा पहिल्याच्या तिपटीहून अधिक आहे. त्यामुळे ‘चारशे साठ’ एवढेच बोलून कोणी तुलना सुरू केली, तर आधी पूर्ण नाव विचारावे.

दशमान नावांतही सापळे आहेत. .५० ब्राउनिंगचे दशमान नाव १२.७×९९ मिलिमीटर असे आहे. त्यातील पहिला आकडा कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या आतील व्यासाचा, आणि दुसरा केसच्या लांबीचा. सोव्हिएत घराण्यातील जड मशीनगनचे काडतूस १२.७×१०८ आहे. दोघांचे कॅलिबर ‘१२.७’ म्हणूनच सांगितले जाते, तरी एकाचे काडतूस दुसऱ्याच्या शस्त्रात चालत नाही. तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनलेली ‘विध्वंसक’ ही रायफल १२.७×१०८ आणि १४.५×११४ अशा काडतुसांसाठी तयार झालेली आहे. अनेक लेखांत तिची तुलना अमेरिकी .५० च्या रायफलींशी करताना काडतूस एकच असल्यासारखे लिहिले जाते, ते चुकीचे आहे.

जुन्या काडतुसांच्या नावात इतिहास दडलेला असतो. .४५-७० गव्हर्नमेंट हे १८७३ मधील अमेरिकी लष्कराचे काडतूस. त्यातील सत्तर म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन. ग्रेन हे वजनाचे एकक आहे, दारूच्या कणांची संख्या नव्हे. ब्रिटिश काडतुसांच्या आकड्यांमागे तर हिंदुस्थानचाच संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचे छिद्र) रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात व सुदानात आणण्यावर बंदी घातली. लष्करातील जुन्या .५७७/४५० मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी त्या गोळ्या बंडखोरांच्या उपयोगी पडतील, अशी भीती त्यामागे होती. हिंदुस्थान ही शिकारी रायफलींची मोठी बाजारपेठ होती, म्हणून इंग्लंडमधील बंदूककारांनी ४५० टाळून .४६५, .४७०, .४७५ असे जवळपासचे आकडे पुढे आणले. ही सारी काडतुसे शक्तीच्या दृष्टीने एकमेकांच्या इतकी जवळ का आहेत, या प्रश्नाचे उत्तर बंदूकशास्त्रात शोधून मिळत नाही, ते त्या सरकारी आदेशात आहे.

## ३. सर्व आकडे एका एककात आणा

अमेरिकी कोष्टकात गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात आणि ऊर्जा फूट-पौंडात असते. तुम्ही शाळेत दशमान पद्धती शिकला असाल, तर सरळ रूपांतर करून घ्या. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, आणि १ फूट-पौंड म्हणजे १.३५६ ज्यूल. दोन आकडे दोन वेगळ्या पद्धतींत असताना मनातल्या मनात तुलना करू नये.

## ४. ऊर्जा आणि संवेग दोन्ही काढा

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ऊर्जेत वेगाचा वर्ग येत असल्यामुळे वेगवान, हलकी गोळी तेथे वर चढते. संवेगात जड गोळीला न्याय मिळतो. पुढील कोष्टकात प्रत्येक काडतुसाचे एक प्रातिनिधिक उत्पादन घेतले आहे. त्याच नावाची हलकी किंवा जड गोळी घेतली, तर आकडे बदलतील.

| काडतूस | गोळी (ग्रॅम) | वेग (मी/से) | ऊर्जा (ज्यूल, सुमारे) | संवेग (किग्रॅ·मी/से) |
|---|---|---|---|---|
| .४४ मॅग्नम | १५.६ | ४११ | १,३२० | ६.४ |
| .४५४ कॅसुल | १९.४ | ४९५ | २,३९० | ९.६ |
| .४६० स्मिथ अँड वेसन | १३.० | ७०१ | ३,१९० | ९.१ |
| .५०० स्मिथ अँड वेसन | २८.५ | ४९५ | ३,५०० | १४.१ |
| .३७५ हॉलंड अँड हॉलंड | १९.४ | ७७१ | ५,७८० | १५.० |
| .४५८ विंचेस्टर मॅग्नम | ३२.४ | ६२२ | ६,२७० | २०.१ |
| .४५८ लॉट | ३२.४ | ७०१ | ७,९६० | २२.७ |
| .४६० वेदरबी | ३२.४ | ७९२ | १०,१८० | २५.७ |
| .७०० नायट्रो एक्स्प्रेस | ६४.८ | ६१० | १२,०५० | ३९.५ |
| .५० ब्राउनिंग | ४२.८ | ८८७ | १६,८६० | ३८.० |

कोष्टकाच्या शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. ऊर्जेत .५० ब्राउनिंग स्पष्टपणे पुढे आहे. संवेगात मात्र हॉलंड अँड हॉलंडने १९८८ मध्ये आणलेले .७०० नायट्रो एक्स्प्रेस त्याच्याही किंचित वर जाते, कारण त्याची गोळी दीडपट जड आहे. आता चौथी आणि पाचवी ओळ पाहा. १९१२ मधील .३७५ हॉलंड अँड हॉलंडची ऊर्जा .५०० स्मिथ अँड वेसनपेक्षा सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक आहे, पण संवेग जवळपास सारखाच आहे. ‘सर्वांत मोठे रिव्हॉल्व्हर आता रायफलीच्या बरोबरीचे झाले’ असे विधान वाचले, तर ते बहुधा या संवेगाच्या आकड्यावर उभे असते.

तिसरे एक मापही सारखे भेटते. आफ्रिकेतील शिकारी जॉन टेलर यांनी सुचवलेल्या ‘नॉक-आउट’ अंकात ग्रेनमधील वजन, फुटांतील वेग आणि इंचातील व्यास यांचा गुणाकार करून त्याला ७,००० ने भागतात. या हिशेबाने .५०० स्मिथ अँड वेसनला सुमारे ५१ आणि .३७५ हॉलंड अँड हॉलंडला सुमारे ४१ गुण मिळतात. म्हणजे ज्या रायफलीच्या काडतुसाने शंभर वर्षे हत्ती-गवे यांच्या शिकारीत विश्वास कमावला, ते एका हातशस्त्राच्या मागे पडते. माझ्या मते हा अंक एकाच जातीच्या, घट्ट बांधणीच्या गोळ्या वापरणाऱ्या जड रायफलींच्या आपसातील तुलनेपुरताच ठेवावा. रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांच्यात त्याने निवाडा करू नये, कारण व्यासाला तो भौतिकशास्त्राने दिलेल्या महत्त्वापेक्षा अधिक महत्त्व देतो.

एकट्यादुकट्या विक्रमी काडतुसांना तुलनेत घेऊ नका. अमेरिकेतील जे. डी. जोन्स यांचे .९५० जेडीजे २० मिलिमीटर तोफेची केस आखूड करून बनवलेले आहे. त्याची ऊर्जा ५०,००० ज्यूलच्या पुढे जाते, पण रायफलीचे वजन चाळीस-पन्नास किलोच्या घरात जाते. ते एक कुतूहल म्हणून ठीक आहे.

## ५. नळीची लांबी विचारल्याशिवाय वेग स्वीकारू नका

एकच काडतूस लांब नळीतून सुटले तर दारूच्या वायूला गोळी ढकलण्यासाठी अधिक वेळ मिळतो. .४४ मॅग्नमची १५.६ ग्रॅमची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सुमारे ४१० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. तीच वीस इंची नळीच्या हलक्या रायफलीतून ५३० च्या पुढे जाते. ऊर्जेत हा फरक दीडपटीहून अधिक आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरता डबा आणि नळी यांच्यामध्ये फटही असते आणि तिच्यातून काही वायू वाया जातो. .४६० स्मिथ अँड वेसनचा जो ७०१ चा वेग सर्वत्र छापला जातो, तो सव्वाआठ इंचांहून लांब नळीतील आहे. चार-पाच इंची नळीत तो मिळत नाही.

याच पायरीवर ‘रिव्हॉल्व्हरचे काडतूस’ आणि ‘रिव्हॉल्व्हरमधून उडवता येणारे काडतूस’ यांतील भेद मनात पक्का करावा. मॅग्नम रिसर्च कंपनीचे बीएफआर हे रिव्हॉल्व्हर .४५-७० या रायफलीच्या काडतुसासाठीही मिळते. ऑस्ट्रियात तर .६०० नायट्रो एक्स्प्रेससाठी सुमारे सहा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बनले आहे. ही उदाहरणे धरली तर ‘सर्वांत शक्तिशाली हातशस्त्र’ हा किताब कोणाचाही होऊ शकतो. हातशस्त्रासाठीच घडवलेल्या आणि कारखान्यातून नियमित तयार होणाऱ्या काडतुसांपुरते बोलायचे, तर २००३ पासून .५०० स्मिथ अँड वेसनचे स्थान भक्कम आहे.

## ६. दाबाचा आकडा शक्ती म्हणून वाचू नका

केसमध्ये निर्माण होणारा कमाल दाब किती असावा, हे मानकांत ठरलेले असते. .४४ मॅग्नमसाठी ३६,००० पौंड प्रति चौरस इंच, .५०० साठी ६०,००० आणि .४५४ कॅसुलसाठी ६५,०००. यावरून कॅसुल सर्वांत शक्तिशाली ठरत नाही. दाब हा शस्त्राच्या धातूवर पडणारा ताण सांगतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण .४१६ रिग्बीचे आहे. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १९११ मध्ये हे काडतूस काढले, तेव्हा कॉर्डाइट ही दारू वापरात होती आणि उष्ण हवेत तिचा दाब वाढत असे. आफ्रिकेच्या किंवा हिंदुस्थानच्या उन्हात तापलेल्या काडतुसाची केस चेंबरमध्ये, म्हणजे शस्त्रात काडतूस बसण्याच्या जागेत, अडकली, तर समोरच्या जनावरापुढे शिकारी निःशस्त्र होई. म्हणून केस मुद्दाम प्रशस्त ठेवली आणि दाब कमी राखला. सीआयपीच्या मानकात तो ३,२५० बार, म्हणजे सुमारे ४७,००० पौंड आहे. १९८८ मध्ये आलेले .४१६ रेमिंग्टन मॅग्नम जवळपास तेवढाच वेग आणि तेवढीच ऊर्जा देते, पण ६५,००० पौंडांच्या मर्यादेत. काम सारखेच, पण घडण वेगळ्या काळजीतून आलेली. सामी आणि सीआयपी यांची दाब मोजण्याची पद्धत सर्वस्वी एक नाही, त्यामुळे दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवून बारीक फरकावर निष्कर्ष काढू नये.

येथे एक गंभीर इशारा आहे. .४५-७० या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या दाबाची काडतुसे विकली जातात. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफली अजून वापरात असल्यामुळे सामीची मर्यादा २८,००० पौंडांवर राखलेली आहे, पण काही कंपन्या आधुनिक, मजबूत रायफलींसाठी त्याहून बरीच तीव्र काडतुसे विकतात. ती जुन्या शस्त्रात घातली तर शस्त्र फुटू शकते. खोक्यावरील सूचना शब्दशः वाचाव्यात. याच कारणासाठी .४५४ कॅसुलची केस .४५ कोल्टपेक्षा सुमारे अडीच मिलिमीटर लांब ठेवलेली आहे, जेणेकरून ती जुन्या कोल्टच्या चेंबरमध्ये बसू नये. उलट दिशेने मात्र चालते. .४६० स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५४ कॅसुल आणि .४५ कोल्ट दोन्ही उडवता येतात.

## ७. गोळीची बांधणी आणि लांबी-रुंदी तपासा

कागदावर ऊर्जा कितीही असली, तरी गोळी कशी घडवलेली आहे यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. पुढून पोकळ गोळी फुलते आणि लवकर थांबते. कठीण शिशाची चपट्या तोंडाची किंवा अखंड धातूची गोळी खोल जाते. याचा अंदाज घेण्यासाठी छेद-घनता काढतात. गोळीचे पौंडांतील वजन इंचातील व्यासाच्या वर्गाने भागले की ती मिळते. .४४ मॅग्नमच्या वरील गोळीची ०.१९, .५०० ची ०.२५, .३७५ ची ०.३०, .४५८ ची ०.३४ आणि .५० ब्राउनिंगची ०.३६ येते. रायफली आणि रिव्हॉल्व्हर यांतील खरी दरी ऊर्जेइतकीच या आकड्यात दिसते.

आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारलेल्या डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी त्यांतील बहुसंख्य .२७५ रिग्बी, म्हणजेच ७×५७ मिलिमीटर माउझर, यासारख्या लहान कॅलिबरच्या रायफलींनी मारले. लांब, अखंड आवरणाची गोळी आणि हत्तीच्या कवटीच्या रचनेचे अचूक ज्ञान यांवर त्यांची भिस्त होती. कुमाऊँमध्ये जिम कॉर्बेट यांच्याकडेही .२७५ रिग्बी होती आणि तिच्यासोबत .४५०/४०० ची दुनळी जेफ्रीही होती. बेल यांचे उदाहरण देऊन मोठ्या कॅलिबरची गरजच नाही असे म्हणणारे लोक भेटतील. धावून येणाऱ्या जनावरासमोर चुकीच्या कोनातून गोळी झाडावी लागली, तर जड काडतूस जी सवलत देते, ती हलके देत नाही. बेल यांच्याइतकी नेमबाजी हा सर्वसामान्य निकष होऊ शकत नाही.

छापील आकडा आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतराचे आणखी एक उदाहरण .४५८ विंचेस्टर मॅग्नमचे. जुन्या .४७० नायट्रो एक्स्प्रेसची ताकद साध्या बोल्ट रायफलीत आणण्यासाठी १९५६ मध्ये ते आले. आखूड केसमध्ये दारू दाबून भरावी लागत असे. साठवणीत ती दारू गोळा होऊन नीट पेटेनाशी झाल्याच्या आणि गोळी अपेक्षेपेक्षा मंद गेल्याच्या तक्रारी आफ्रिकेतून आल्या. मोझांबिकमध्ये १९५९ मध्ये रानरेड्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्या जॅक लॉट यांनी पुढे १९७१ मध्ये केस लांब करून .४५८ लॉट तयार केले. आजची .४५८ विंचेस्टरची काडतुसे चांगली आहेत, तरीही लॉटचा अधिकचा वेग लांब केसमुळे सहज मिळतो, ओढूनताणून नाही.

## ८. धक्क्याचा हिशेब करा

धक्का संवेगाच्या नियमाने ठरतो. गोळीचा संवेग आणि वायूचा संवेग मिळून जेवढा होतो, तेवढाच उलट्या दिशेने शस्त्राला मिळतो. त्या बेरजेचा वर्ग शस्त्राच्या दुप्पट वस्तुमानाने भागला की धक्क्याची ऊर्जा मिळते. साडेचार किलोच्या .४५८ लॉट रायफलीत ती सुमारे ९० ज्यूल येते. दोन किलोहून किंचित जड अशा .५०० च्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुमारे ७० ज्यूल, तर .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या साडेतीन किलोच्या रायफलीत सुमारे २७ ज्यूल. म्हणजे .५०० च्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सोडताना .३०-०६ च्या अडीचपट धक्का खांद्याऐवजी दोन मनगटांनी झेलायचा असतो. नळीच्या तोंडावरील, वायू बाजूला वळवणाऱ्या ब्रेकमुळे तो कमी होतो, पण आवाज आजूबाजूच्यांच्या कानावर अधिक जोराने येतो.

प्रत्यक्ष रेंजवर हे पाळावे:

- पहिल्या वेळी रिव्हॉल्व्हरमध्ये एकच काडतूस भरावे. जोरदार धक्क्याने हात उसळतो, बोट नकळत पुन्हा घोड्यावर दाबले जाते आणि दुसरी गोळी भलत्याच दिशेला सुटते, असे घडलेले आहे.
- डाव्या हाताची बोटे फिरत्या डब्याच्या पुढच्या फटीजवळ कधीही नेऊ नयेत. .४६० आणि .५०० मध्ये तेथून निघणारा वायू बोटाला गंभीर इजा करतो.
- कानात बोळे आणि वर कर्णरक्षक, असे दोन्ही वापरावेत. डोळ्यांना चष्मा हवाच.
- धक्क्याने डब्यातील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकून डबा अडकू शकतो. तसे झाले तर जोर लावून फिरवू नये, रेंजवरील अधिकाऱ्याला बोलवावे.
- मोठ्या रायफलीवरील दुर्बीण डोळ्यापासून दूर ठेवावी, नाहीतर तिची कड भुवईवर आदळते.

## ९. अंतर ठरवून मगच निकाल द्या

वरील सर्व आकडे नळीच्या तोंडाशी मोजलेले आहेत. चपट्या तोंडाची जाड गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते, टोकदार आणि मागे निमुळती गोळी तो टिकवते. नायट्रो एक्स्प्रेस घराणे दाट झाडीतील जवळच्या अंतरासाठी आहे, तर .५० ब्राउनिंग लांब पल्ल्यासाठी. २०१७ मध्ये इराकमध्ये कॅनडाच्या एका नेमबाजाने ३,५४० मीटरवरून लक्ष्य भेदले, ते याच काडतुसाने. हजार मीटरवर .३३८ लापुआ मॅग्नमसारखे, मुखाशी .४५८ लॉटपेक्षा कमी ऊर्जा असलेले काडतूस लॉटला सहज मागे टाकते. म्हणून तुलना लिहिताना ‘अमुक मीटरवर’ हे शब्द विधानात असलेच पाहिजेत.

## १०. कायद्याची बाजू आधीच पाहून ठेवा

भारतात हा विषय बहुतेकांसाठी वाचनापुरताच आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांखाली शस्त्र व काडतूस दोन्हींसाठी परवाना लागतो. प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअर असा भेद आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. ज्या जनावरांसाठी ही मोठी काडतुसे जन्मली, त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

अमेरिकेत नव्याने आलेल्यांनी एक नियम नीट समजून घ्यावा. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या स्थलांतरेतर व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना असणे यासारखे ठरावीक अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही यातून सुटत नाही, त्यामुळे मित्रांसोबत जाण्याआधी आपली स्थिती वकिलाकडून पक्की करून घ्यावी. शिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियाने २००५ पासून .५० ब्राउनिंगच्या रायफलींवर बंदी घातलेली आहे, आणि अर्ध्या इंचाहून मोठ्या बोअरच्या शस्त्रांना, खेळ वा शिकारीसाठी सूट मिळालेली नसेल तर, संघीय कायदा वेगळ्या कडक वर्गात टाकतो.

रेंजवर नेलेली पिशवी भारतात येताना कधीही वापरू नका. अस्तरात राहिलेले एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. ते तेथे आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते, हे पुढे न्यायालयात मांडता येते, पण तोवर प्रवास, पासपोर्ट आणि नोकरी यांचा खोळंबा झालेला असतो. कायद्यातील व्याख्येत काडतुसाच्या भागांचाही समावेश आहे, म्हणून .५० ब्राउनिंगची रिकामी केस आठवण म्हणून किंवा किल्ल्यांच्या साखळीला लावूनही सोबत आणू नका. रेंजसाठी स्वतंत्र पिशवी ठेवा आणि ती सामानाच्या कपाटात न ठेवता गाडीच्या डिकीतच राहू द्या.